मीठकचेरीचा कायम वापर

ठाण्यात, नौपाड्याच्या टोकाला, स्टेशनकडे वळणाऱ्या रस्त्यावर मीठकचेरी नावाची एक दगडी इमारत आहे आणि तिच्यात रोज साठ-सत्तर मुलंमुली शांतपणे बसून अभ्यास करतात, ही गंभीर बाब संबंधित खात्याच्या लक्षात यायला अकरा वर्षं लागली.

इमारत इंग्रजांच्या काळातली. खाडीकाठच्या मिठागरांवर नजर ठेवणारे साहेब तिथे बसत. साहेब गेले, मग रेशनिंगचं ऑफिस आलं. ते गेलं, मलेरियाचं आलं. मलेरियावाले गेले आणि मतपेट्या ठेवायला लागले. आमच्याकडे इमारतीला नेहमी मागच्या भाडेकरूचं नाव असतं. रेशनिंग होतं तेव्हा लोक तिला मीठकचेरी म्हणत, मलेरिया आला तेव्हा रेशनिंग म्हणत, मतपेट्या आल्या तेव्हा मलेरिया. पुढे मतपेट्याही कालबाह्य झाल्या, इमारत रिकामी पडली, छपरावर पिंपळ उगवला, आणि मग कुठे लोकांना तिचं पहिलं नाव आठवलं.

त्या रिकाम्या इमारतीत धम्मपाल ओव्हाळ झाडू आणि फिनेलची बाटली घेऊन शिरले. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून ते नुकते निवृत्त झाले होते. विठ्ठलवाडीच्या चाळीत, तीन बाजूंच्या तीन टीव्हींचा आवाज कानावर घेत त्यांनी बी.ए. केलेलं; त्यामुळे शांतता ही काय चीज असते ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कुठल्याशा साहेबाकडून तात्पुरती परवानगी मिळवली, बंद पडलेल्या शाळेची टेबलं आणली, आणि सकाळी सहाला दार उघडायला सुरुवात केली. ज्यांच्या घरात टेबल मावत नाही अशी मुलं तिथे येऊ लागली. त्यातली काही तलाठी झाली, दोन फौजदार झाली, एक मुलगी न्यायालयात लिपिक झाली. झाली आणि निघून गेली. कोणी भाषण केलं नाही.

मी 'नौपाडा वारसा मित्र' या संस्थेचा चिटणीस. आमचे अध्यक्ष विश्रामराव टिपणीस. बँकेतून निवृत्त, खादीचा झब्बा, जुन्या इमारतींवर निस्सीम प्रेम. म्हणजे जुन्या इमारतींसमोर उभं राहून बोलण्यावर. संस्थेतलं माझं काम मानपत्रं लिहिण्याचं. शब्द बरे जुळतात, एवढंच माझं भांडवल. ही गोष्ट मी मोठ्या फुशारकीने सांगत नाही, हे पुढे कळेलच.

तर झालं असं की 'वारसा वास्तू वापर निश्चिती कक्ष' नावाचं एक कार्यालय स्थापन झालं. वागळे इस्टेटमध्ये नटबोल्टच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर ते आहे. कक्ष नेमका कोणाच्या अखत्यारीत येतो, याबद्दल कक्षातच दुमत आहे. पण काम स्पष्ट आहे. जुन्या इमारतींचे वापर सारखे बदलतात, त्यामुळे इमारतींचं चारित्र्य बिघडतं. तेव्हा प्रत्येक इमारतीचा वापर एकदाच काय तो ठरवून टाकायचा आणि मग तो कायम. वापर ठरवायचा कसा? प्रत्यक्ष पाहणीने. निरीक्षक येईल, त्या वेळी इमारतीत जे चाललेलं दिसेल ते रकान्यात लिहील. झालं.

पाहणीचं पत्र धम्मपालांना आलं. त्यांना आनंदच झाला. "बरं झालं," ते म्हणाले, "अकरा वर्षं तात्पुरते होतो, आता कायम होऊ. त्यांना फक्त आत येऊन बघायचंय. बघण्यासारखं आहेच आपलं."

इथे गोष्ट संपली असती. मुलं बसली असती, निरीक्षकाने पाहिली असती, 'अभ्यासिका' असं लिहिलं असतं आणि चहा पिऊन गेला असता. पण धम्मपालांनी ते पत्र विश्रामरावांना दाखवलं.

"अहो, सरकारी अधिकारी आपल्या दारात येणार," विश्रामराव म्हणाले, "आणि आपण काय नुसता पाण्याचा पेला पुढे करायचा? नौपाड्याची काही रीत आहे की नाही? शाल, श्रीफळ, छोटेखानी कार्यक्रम. फार नाही. पाऊण तास."

"पण टिपणीससाहेब, मुलांचा अभ्यास असतो त्या वेळी."

"एक दिवस सुट्टी द्या. मुलांच्याच भल्यासाठी चाललंय ना सगळं?"

त्या दिवशी सकाळी टेबलं मागच्या अंगणात गेली. पुस्तकांची कपाटं पडद्याने झाकली, कारण फोटोत बरी दिसत नव्हती. समोर मंच, मंचावर भाड्याचा लाल सोफा, मागे 'सहर्ष स्वागत' असा फलक. वागळे इस्टेटच्या चाळीतून येणारी मेघना नावाची मुलगी नेहमीप्रमाणे सकाळी सहाला हजर झाली. घरी दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत दोनदा दोन-तीन गुणांनी राहिलेली. तिने फलक वाचला, सोफा पाहिला.

"काका, ते आम्हालाच बघायला येतायत ना?" तिने धम्मपालांना विचारलं. "मग आम्हीच बाहेर? हे काय लॉजिक आहे?"

उत्तर विश्रामरावांनी दिलं. "बाळ, मोठ्यांच्या कार्यक्रमात असं बोलू नये. हवं तर तू गुलाबपुष्प दे."

निरीक्षक कुंडलिक भोईर आले. खाडीकाठच्या बाळकुम गावचे. साधा, पापभीरू माणूस. बत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणी त्यांना धड खुर्ची दिली नव्हती. इथे सोफा मिळाला. शाल अंगावर पडली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मी लिहिलेलं मानपत्र वाचलं गेलं, त्यात त्यांना 'वारशाचा जागता पहारेकरी' म्हटलं होतं. सहा जणांची भाषणं झाली. मग भोईरांनी चष्मा पुसला, पिशवीतून तक्ता काढला आणि अत्यंत प्रामाणिकपणे भरला. माणूस लबाड असता तर आम्ही वाचलो असतो.

पंधरा दिवसांनी आदेश आला. 'प्रत्यक्ष पाहणीवेळी सदर वास्तूत मंच, सोफा, ध्वनिक्षेपक, श्रोते आणि सत्कार आढळून आला. पुस्तके व अभ्यास करणारी व्यक्ती आढळून आली नाही. सबब सदर वास्तूचा कायम वापर : सत्कार.'

धम्मपालांनी कागद तीनदा वाचला आणि मला म्हणाले, "चिटणीस, हे तुमच्या भाषेत काय असेल ते असो, माझ्या भाषेत याला घात म्हणतात."

आम्ही तिघे आणि मेघना कक्षाच्या कार्यालयात गेलो. प्रमुख उत्तरा मॅडम. टेबल स्वच्छ, बोलणं त्याहून स्वच्छ.

"चूक झाली म्हणता?" त्या म्हणाल्या. "निरीक्षकाने न पाहिलेलं लिहिलं असतं तर ती चूक. भोईर, तुम्ही जे लिहिलंत ते पाहिलं होतंत?"

"मी काय बघितलं नाय ते लिवत नाय, मॅडम," भोईर म्हणाले. मग धम्मपालांकडे बघून ओशाळले. "ओव्हाळसाहेब, सत्कार लय झकास केलेला तुमी. खोटं कसं लिवू?"

"मग पुन्हा पाहणी करा," धम्मपाल म्हणाले.

"पाहणी एकदाच असते. वारसा म्हणजे काय? जे बदलत नाही ते."

"अहो, या इमारतीचा वापर आजवर पाच वेळा बदललाय!"

"म्हणूनच आता थांबवायचाय," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आणि एक सूचना. सलग पंधरा दिवस निश्चित वापर झाला नाही, तर वापर खंडित समजून वास्तूला कुलूप लागेल. प्रत्येक वापराचा फोटो, ठिकाण आणि वेळेसह, आमच्या पोर्टलवर चढवायचा. तुम्ही सुशिक्षित आहात, जमेल तुम्हाला."

आता पेच सरळ होता. सत्कार झाले नाहीत तर कुलूप लागणार, आणि कुलूप लागलं तर मुलं रस्त्यावर. म्हणजे मुलांना अभ्यासाला बसवायचं असेल तर कोणाचा ना कोणाचा सत्कार करत राहणं भाग होतं. विश्रामरावांनी मार्ग सांगितला. "पंधरा दिवसांतून एक, तासाभराचा. बाकी वेळ मुलं बसतील. कागदावर सत्कार, प्रत्यक्षात अभ्यास. आपला देश असाच तर चालतो."

पहिला सत्कार धम्मपालांचा करायचं ठरलं. "मी काय केलंय?" ते म्हणत होते. "दार उघडलंय फक्त." पण मुलांनीच आग्रह केला. मी मानपत्र लिहिलं आणि प्रामाणिकपणे सांगतो, आयुष्यात लिहिलेलं तेवढं एकच खरं होतं. मुलांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. धम्मपालांनी शाल नीट घडी करून कपाटात ठेवली आणि कार्यक्रम संपताच स्वतः टेबलं आत ओढली.

दुसरा विश्रामरावांचा. तिसरा एका निवृत्त मुख्याध्यापिकांचा. चौथा एका वैद्यांचा. दोन-तीन महिन्यांत नौपाड्यातली सत्काराला लायक माणसं संपली. तुम्हाला वाटेल, एवढ्यात? आम्हालाही तसंच वाटलं होतं. मोजून पाहिली, तेवढीच निघाली.

मग जे व्हायचं तेच झालं. मागणी वाढली. नालायकांची संख्या कुठल्याही गावात पुरेशी असते आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की आपल्याकडे फार उशिरा लक्ष गेलं. पंधरा दिवसांतून एक सत्कार होता तो आठवड्याला एक झाला, मग रोज, मग सकाळ-संध्याकाळ. मी मानपत्रं लिहीतच होतो. एका गृहस्थांनी सोसायटीच्या सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला, सत्कार. एका बाईंनी सुनेबरोबर बारा वर्षं एका ओट्यावर स्वयंपाक केला, सत्कार. सुनेचा नाही, बाईंचा. एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन यशस्वी झालं. डॉक्टर बाहेरगावी असल्याने गुडघ्याचा केला. एकजण गेली चाळीस वर्षं 'आपल्याला असले मानसन्मान आवडत नाहीत' असं सांगत आले होते, त्यांचा त्याच कारणासाठी केला आणि ते सव्वा तास बोलले. 'निरलस', 'ऋजु' आणि 'दीपस्तंभ' हे शब्द मी इतके वापरले की डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांसारखे ते मला पाठ झाले.

मुलं आता मधल्या वेळात बसत. मधला वेळ म्हणजे एका कुटुंबाचे फोटो संपून दुसऱ्या कुटुंबाचे सुरू होईपर्यंतचा. शिवाय एक अडचण निघाली. सत्कारमूर्ती येताना नातेवाईक आणत, पण नातेवाईक सगळे मंचावर जात. समोर बसायला कोणी उरत नसे. पोर्टलवर फोटो नाकारले जाऊ लागले : 'श्रोते आढळत नाहीत.' तेव्हा मुलांना श्रोते म्हणून बसवायचं ठरलं. धम्मपालांनी पाळ्या लावल्या. आज वीस जणांनी टाळ्या वाजवायच्या, बाकीच्यांनी मागच्या बाजूला टेबलांवर वाचायचं. उद्या दुसरे वीस. विश्रामरावांनी कौतुक केलं. "बघा, वारसा आणि शिक्षण हातात हात घालून चाललंय."

"काका, मला आता पंचायत राज आठवत नाही," मेघना मला एकदा म्हणाली. "पण 'सत्कारमूर्तींच्या प्रदीर्घ वाटचालीचा धावता आढावा' फुल पाठ झालाय. पेपरात येईल का?"

मी हसलो. हसायला नको होतं.

धम्मपालांनी अजून आशा सोडली नव्हती. त्यांनी कक्षाला अर्ज केला की निरीक्षकांनी एकदा न सांगता यावं, पाहणी म्हणून नाही, नुसतं बघायला. भोईरांना पहिल्या दिवसापासून मनात टोचत होतंच. ते एका मंगळवारी दुपारी अचानक आले. मंच रिकामा. सोफ्यावर कोणी नाही. साठ मुलं टेबलांवर मान खाली घालून वाचत बसलेली. पान उलटल्याचा आवाज तेवढा. धम्मपालांनी भोईरांचा हात धरून त्यांना मधोमध उभं केलं.

"बघा साहेब. नीट बघा आणि हेच लिहा."

भोईरांनी नीट बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांनी मनापासून लिहिलं : 'श्रोते मोठ्या संख्येने वेळेपूर्वी उपस्थित. कार्यक्रम अद्याप सुरू व्हावयाचा आहे. शिस्त वाखाणण्यासारखी.'

धम्मपालांनी शेरा वाचून तक्ता परत दिला. पण भोईरांचं तरी काय चुकलं? ज्या इमारतीचा वापर सत्कार आहे, तिच्यात बसलेला माणूस एक तर सत्कारमूर्ती असतो नाही तर श्रोता. तिसरा रकानाच तक्त्यात नाही.

त्या शेऱ्यावर कक्षाने तातडीने परिपत्रक काढलं. श्रोत्यांसमोर टेबल असण्याचं प्रयोजन दिसत नाही, सबब टेबलं हलवावीत. श्रोत्यांनी कार्यक्रमादरम्यान वाचन केल्यास सत्कारमूर्तींचा अवमान होतो, सबब पुस्तकं बाहेर ठेवावीत. टेबलं टेम्पोत भरून गेली. पुस्तकं चपलांच्या मांडणीत, खालच्या फळीवर गेली. धम्मपाल रोज सकाळी सहाला येत, चपलांखालची पुस्तकं झटकत आणि पुन्हा तिथेच ठेवत. ते बघताना मला लाज वाटली. खरंच वाटली. त्या दिवशी एका बिल्डरचं मानपत्र दुपारपर्यंत द्यायचं होतं, म्हणून लवकर घरी गेलो.

इकडे मीठकचेरीचं नाव गाजू लागलं. जुन्या इमारती दाखवत फिरवणारी मंडळी शनिवारी-रविवारी तिथे थांबू लागली. तरुण मुलं रील बनवू लागली. भारतातली एकमेव ऐतिहासिक सत्कारवास्तू! एका रविवारी विश्रामराव स्वतः माहिती सांगत होते. "मीठ खात्याचे इंग्रज साहेब बदलून जाताना इथेच सत्कार स्वीकारीत. ही परंपरा दीडशे वर्षांची आहे."

"हे कुठे वाचलंत?" मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. हा माणूस एके काळी खांबाचं वर्ष एका सालाने चुकलं म्हणून वर्तमानपत्राला पत्र लिहायचा.

"वाचायला कशाला हवं?" विश्रामराव म्हणाले. "इमारतीकडे बघा ना. एवढ्या उंच छताखाली माणूस दुसरं काय करणार?"

मुलं हळूहळू पांगली. काहींनी नाद सोडला, काही डिलिव्हरीच्या कामाला लागली. मेघना नौपाड्यातल्याच एका दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंगरूममध्ये बसू लागली. प्रशांत कुलकर्णी नावाचे डॉक्टर, भला माणूस. "पेशंट आला की जागा दे, बाकी बस," एवढंच म्हणाले. आत ड्रिलचा आवाज, बाहेर मेघना आणि राज्यघटना. पूर्वपरीक्षा दोन महिन्यांवर आली होती. तिची ही तिसरी आणि, वडिलांनी सांगितल्याप्रमाणे, शेवटची खेप. नाही झालं तर लग्न नाही तर नोकरी, जे आधी मिळेल ते.

तिनेच एके दिवशी कक्षाची नियमावली मागवली. आम्ही इतकी शिकलेली माणसं, पण एकानेही ती वाचली नव्हती. मेघनाने वाचली. परीक्षेच्या अभ्यासाचा दुसरा काही उपयोग झाला नसेल, पण कलमं न कंटाळता वाचायची तिला सवय लागली होती. ती धावतच धम्मपालांकडे आली.

"काका, मिळालं! कलम एकोणीस. पंचवीस रहिवाशांनी स्वतः येऊन, निरीक्षकासमोर सही केली ना, तर वापर बदलायला लागतो. लागतोच. मॅडमचं पण काही चालत नाही."

धम्मपालांनी चष्मा लावला. वाचता वाचता खाली आले आणि थांबले. पोटकलमात लिहिलं होतं : 'विद्यमान वापराचा लाभ घेतलेल्या व्यक्तीस त्या वापराविरुद्ध सही करता येणार नाही.'

म्हणजे ज्याचा सत्कार झाला, त्याची सही बाद. आणि मीठकचेरीतला पहिला सत्कार कोणाचा होता, ते मी वर सांगितलंच आहे. धम्मपालांनी पेन उघडलं होतं, ते मिटून खिशात ठेवलं.

ज्यांना अभ्यासिका हवी होती त्यांच्या सह्या चालत नव्हत्या; मुलं तर रहिवासीच नव्हती, शिवाय श्रोते म्हणून बसल्याने तीही लाभार्थीच ठरत होती. उरले ते नौपाड्यातले अजून सत्कार न झालेले लोक. मेघना दारोदार फिरली. मी सोबत गेलो, म्हातारा माणूस बरोबर असला की लोक दार उघडतात म्हणून. लोक फार चांगले वागले. एकानेही अभ्यासिकेला विरोध केला नाही.

"अगं, हवीच अभ्यासिका!" एक बाई म्हणाल्या. "मुलांनी जायचं कुठे? मी करते ना सही. फक्त वीस तारखेला आमच्या ह्यांचा सत्कार आहे, तेवढा होऊन जाऊ दे."

"माझा पूर्ण पाठिंबा आहे," एक वकील म्हणाले. "तत्त्वतः. आईचा नंबर पुढच्या महिन्यात लागेलसं दिसतंय. ऐंशीची आहे ती. तिला आता नाही कसं म्हणू?"

सगळ्यांचं आधी एकदा व्हायचं होतं आणि झाल्यावर त्यांची सही चालणार नव्हती. तरी मेघनाने सह्या जमवल्या. इस्त्रीवाले, फुलवाल्या मंजुळाबाई, दोन रिक्षावाले, एक विधुर गृहस्थ, आणि दातांचे डॉक्टर कुलकर्णी. एकेक जण दुकान बंद करून, कक्षात जाऊन, भोईरांसमोर सही करून आला. भोईर प्रत्येकाला उठून खुर्ची देत. आकडा एकोणीसवर गेला.

तेव्हा विश्रामरावांच्या डोक्यात एक कल्पना आली. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. "हे डॉक्टर कुलकर्णी," ते म्हणाले, "गरीब मुलीला दवाखान्यात बसू देतात. अशा माणसाचा सत्कार नाही करायचा तर कोणाचा?" केला. डॉक्टर नको नको म्हणत होते. त्यांच्या पत्नीने नवी साडी घेतली होती. सही बाद. मग इस्त्रीवाल्यांचा केला, 'श्रमसंस्कृतीचे उपासक' म्हणून. मंजुळाबाईंना तर बिचारीला वाटलं, हाराची ऑर्डर आहे. हार घेऊन आल्या, तो त्यांच्याच गळ्यात घातला. दुसऱ्या दिवशी त्या मेघनाजवळ येऊन रडल्या. "पोरी, मला कोनी सांगितलं नाय गं. सगले टाल्या वाजवाया लागले, मी काय करू?"

आकडा कधी तेवीसवर जातो, कधी चौदावर येतो. सही करणारा माणूस चांगला असतो, आणि चांगला माणूस दिसला की आम्हाला त्याचा सत्कार केल्याशिवाय चैन पडत नाही.

आता माझं. मेघना माझ्याकडे आली तेव्हा माझा सत्कार झालेला नव्हता. इतक्या लोकांची मानपत्रं लिहिली, पण माझं कोणी लिहिलं नव्हतं. तिने फॉर्म पुढे केला. योगायोगाने त्याच आठवड्यात विश्रामरावांनी माझं नाव जाहीर केलं होतं, शंभरावं मानपत्र लिहिल्याबद्दल. मुलगा बंगळूरहून येणार होता. मी म्हटलं, "कार्यक्रम होऊ दे, लगेच येतो." मला कलम माहीत होतं. तिलाही माहीत होतं की मला माहीत आहे. ती म्हणाली, "चालेल काका." शाल मरून रंगाची आहे, उबदार आहे, अजून वापरलेली नाही.

या आठवड्यात सह्या चोवीस झाल्या आहेत. एक हवी आहे. पूर्वपरीक्षा पाच आठवड्यांवर आहे. नौपाड्यात या चोवीस जणांखेरीज सत्कार न झालेला कोणी उरला नाही, त्यामुळे कक्षाने सही आणि सत्कार या दोन्ही गोष्टींसाठी हद्द वाढवली. आधी ठाणे, मग कल्याण, डोंबिवली. गेल्या सोमवारी त्याहीपुढे जाऊन एक नवा प्रवर्ग मंजूर झाला : 'जागरूक वाचक.' त्यात दोन्हींसाठी राहण्याच्या पत्त्याची अट नाही. समाजातल्या एका ज्वलंत प्रश्नाविषयी अखेरच्या पानापर्यंत आस्थेने वाचणाऱ्या आणि वाचताना दोन-तीनदा मान हलवणाऱ्या व्यक्तीचा यथोचित सत्कार.

म्हणजे तुमचा. मानपत्र मीच लिहिलंय. 'निरलस' घातलेला नाही, तुमच्यासाठी 'संवेदनशील' राखून ठेवला होता. रविवारी सकाळी अकराला कार्यक्रम आहे.

मेघना कक्षात फॉर्म घेऊन बसलेली आहे, शुक्रवारपर्यंत. तिथे स्वतः यावं लागतं, कारखान्याचे दोन जिने चढावे लागतात, ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि मग सही. सत्काराचं तसं काही नाही. त्यासाठी तुम्हाला बोटही हलवावं लागणार नाही. मुदतीत काही कळवलं नाही, तर तुमची संमती आहे असं धरलं जातं. आजवर कोणीच काही कळवलेलं नाही.